एका पीएनआरचं कुटुंब

रेशनकार्डावर ज्यांची नावं एकत्र ते कुटुंब, अशी सोपी व्याख्या एके काळी होती. आता एका पीएनआरवर जेवढी नावं मावतील तेवढंच कुटुंब. सहा अक्षरं-आकड्यांच्या या कोडवर विमान कंपन्यांची संकेतस्थळं साधारणपणे एका वेळी ९ माणसं घेतात. दहावा आला की कुटुंब संपतं आणि ‘ग्रुप बुकिंग’ सुरू होतं, म्हणजे अर्ज करा, भाव मागाहून कळवू.

गोव्यात मंगेशीला अभिषेकासाठी निघालेल्या घरात माणसं ११. पुण्याची पाच, मुंबईची चार, नागपूरची दोन. ‘सगळे मुंबईत जमू आणि एकत्रच जाऊ’ हा ठराव व्हॉट्सॲपवर एकमताने मंजूर झाला. एकमत म्हणजे सात अंगठे आणि बाकी निळ्या खुणा. तिकिटं काढायचं काम पुण्याच्या पुतण्याकडे आलं, कारण तो ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे.

नवांच्या बाहेर कोणते दोघे ठेवायचे? आत्याच्या यजमानांना काढावं तर जावयाचा अपमान. काकांच्या सुनेला काढावं तर ‘मी अजून परकीच का’. आईवडिलांना काढावं तर पुतण्याला परत घरीच जायचं होतं.

हा पेच भाड्याने सोडवला. विमानातल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. भाड्याचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात मोजक्या जागा. समजा खालच्या टप्प्यात दोनच जागा उरल्या आहेत आणि चौघांसाठी शोधलं, तर दोघांना स्वस्त नि दोघांना महाग असा हिशोब यंत्र सहसा करत नाही. चौघांनाही वरचं भाडं लावतं. दोघांसाठीच शोधलं की त्याच दोन जागा स्वस्तात हजर. आयकर खातंसुद्धा हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र पॅन कार्ड देऊन मान राखतं. विमान कंपनी विभक्त होणाऱ्यांना सवलत देते.

पुतण्याने घराच्या चार वाटण्या केल्या. कोर्टात जे वीस वर्षांत होत नाही ते वीस मिनिटांत झालं. वाटण्यांचे तोटे नंतर कळतात. विमान रद्द झालं तर प्रत्येक पीएनआरची सोय वेगळी लागते. एक वाटणी संध्याकाळच्या विमानात, दुसरी उद्या पहाटेच्या. हे सगळे एकाच आजीचे नातू-पणतू आहेत, ही नोंद करायला त्या यंत्रात रकानाच नाही.

मग नावं भरायची वेळ आली. काका जन्मभर ‘बापू’. त्यांचं आधारवरचं नाव घरात कुणालाच आठवेना. काकूंना ठाऊक होतं, पण त्या ते घेत नाहीत. खुद्द काकूंच्या आधारवर माहेरचं नाव निघालं आणि लग्नात तांदळात कोरलेलं नाव चाळीस वर्षांनी रद्दबातल ठरलं. तिकिटावरची स्पेलिंगची चूक कंपन्या सुधारून देतात, पण माणूस बदलू देत नाहीत. बापूंचं प्रकरण नेमकं कशात मोडतं, यावर ग्राहक सेवेशी ४० मिनिटं चर्चा झाली. त्यातली ३५ मिनिटं संगीत होतं.

जागांचं त्या मानाने सोपं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. पुतण्याच्या चार वर्षांच्या लेकीची सोय सरकारने केली. नवऱ्याला बायकोशेजारी बसवण्याचा नियम मात्र नव्हता. जागा निवडायची तर बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागत होते. काकांनी ते वाचवले. काकूंनीही आग्रह धरला नाही.

खरा घोळ ‘आमच्या वाटणीचं आम्ही काढतो’ म्हणणाऱ्या काकांच्या मुलाने घातला. मुंबई-गोवा हा आता साधा प्रवास राहिलेला नाही. गोव्यात दाबोळी आहेच, ५ जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झालं. एक वास्कोजवळ, दुसरं पार पेडण्यात. इकडे सांताक्रूझ नि सहार अशी दोन टर्मिनलं होतीच. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळही उघडला. दोन्ही टोकांना दोन-दोन विमानतळ म्हटल्यावर एका घरातली माणसं चार प्रकारे चुकू शकतात. काकांच्या मुलाने ३०० रुपये स्वस्त म्हणून मोपा घेतलं. नऊ जण दाबोळीला उतरले, तो आणि बायको पेडण्यात. वाचलेले ३०० टॅक्सीत म्हापसा यायच्या आधीच संपले. अभिषेक सुरू झाला तेव्हा तो पर्वरीच्या वाहतूक कोंडीतून गटावर आपलं ठिकाण पाठवत होता.

परतीचं काय? काकांना समुद्र बघायचा होता, आत्याला थेट नागपूर हवं होतं, पुतण्याला सोमवारी ऑफिस. कुणीही एकत्र जायचा ठराव मांडला नाही. ती तिकिटं सगळ्यांत स्वस्तात आणि न भांडता निघाली.

पुतण्याने अकरा जणांचा हिशोब गटावर टाकून आता दीड महिना झाला. दहा जणांचे पैसे चुकते आहेत, त्यात त्याचे स्वतःचेही. अकरावे त्याचे वडील. त्यांनी अंगठा पाठवला आहे.