पाला त्यांचा, शेंगा आमच्या

बागकाम हा एकांताचा छंद आहे असं म्हणणाऱ्यांच्या अंगणात कधी वांगं धरलेलं नसावं. पहिलं वांगं धरलं की माणसाला ताबडतोब दुसरा माणूस लागतो. ऊन, पाणी, खत हे झाडाचं झालं. माळ्याला बघणारा हवा. आणि तो घरातला असून चालत नाही. घरातल्यांना ते वांगं फूल असल्यापासून माहीत असतं. शिवाय त्याच्यावर झालेला खर्चही माहीत असतो.

आम्ही राहतो इरुंगाट्टुकोट्टैला. चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे गाव लागतं. श्रीपेरुंबुदूर रामानुजाचार्यांचं जन्मस्थान, त्यामुळे तिथे जाणारे हात जोडून जातात. आमच्या गावाची कीर्ती जरा वेगळी आहे. 1998 साली ह्युंदाईची सँट्रो इथल्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्याच्याही आधी, 1990 पासून, इथे मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे. गाडी बनवायची आणि गाडी पळवायची, दोन्ही सोयी एकाच गावात. आजूबाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत, सुटे भाग करणारे कारखाने, आणि त्यातल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर मी. चाकणहून बदली झाली तेव्हा साहेब समजूत घालत म्हणाले, “रस्ता तोच आहे हो, फक्त पुढे जायचं.” ते फारसं खोटं नव्हतं. राष्ट्रीय महामार्ग 48 दिल्लीहून निघतो तो पुणे, सातारा, कोल्हापूर, बंगळूर करत आमच्या दारावरूनच चेन्नईला जातो. त्या एकाच रस्त्याने आईने साताऱ्याहून अळूचे कंद, गवती चहाचा ठोंब आणि तुळस आणली. सामानात कपडेही होते, पण ते नंतर आठवल्यासारखे कोंबलेले.

भाड्याच्या घराला पुढे आणि मागे मिळून थोडी मोकळी जागा आहे. घरमालक तिला ‘गार्डन स्पेस’ म्हणतात. खणलं की विटा लागतात, त्याखाली काँक्रीटचे तुकडे आणि त्याखाली पुन्हा विटा. हडप्पाही थोडक्या श्रमात निघालं असेल. शेवटी इथले सगळे करतात तेच केलं: कोकोपीटच्या विटा आणल्या. पाच किलोची ती वीट पाण्यात टाकली की फुगायला लागते आणि थांबायचं नाव घेत नाही. गच्चीवर भाजी लावणं हा तमिळनाडूत रीतसर सरकारी विषय आहे. फलोत्पादन खातं पिशव्या, कोकोपीट आणि बियाणं यांचा संच सवलतीत देतं. त्याला ‘माडित्तोट्टम’ म्हणतात. आमचं गच्चीवरही होतं, अंगणातही होतं आणि काही दिवस न्हाणीघरातही होतं.

कारखान्यात माझं काम म्हणजे वाकडं ते बाजूला काढणं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात फरक पडला की तो भाग लाल ट्रेमध्ये जातो आणि ज्याने बनवला त्याला मी बोलावून घेतो. घरी मात्र दोन पायांचा मुळा निघाला तर त्याचे सर्व कोनांतून फोटो निघतात आणि ते सातारा, पुणे, डोंबिवली असे ‘डिस्पॅच’ होतात. सरळ मुळ्याला आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. सरळ मुळा बाजारातही मिळतो.

या फोटोंच्या बाबतीत इथल्या हवामानाने आमची मोठी गंमत केली आहे. जुलैत पुण्याचे मामा बाल्कनीतल्या ओल्या हिरव्या कुंड्यांचे फोटो टाकतात, तेव्हा आमच्याकडे अग्निनक्षत्रम् म्हणजे मे महिन्यातले ते भाजणारे तीन-साडेतीन आठवडे संपून गेलेले असतात, पण झाडांना ते कुणी सांगितलेलं नसतं. आम्ही गप्प बसतो. आमचा पाऊस ईशान्येकडून, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. चेन्नईचा निम्म्याहून जास्त पाऊस या तीन महिन्यांत पडतो. मग नोव्हेंबरात मामांच्या कुंड्यांत नुसती कोरफड उरते आणि आमची दुधी गच्चीच्या कठड्यावरून शेजाऱ्यांकडे चौकशीला जाते. तेव्हा आम्ही दिवसाला सहा फोटो टाकतो. मामा फक्त अंगठा दाखवतात. जुलैत आम्हीही अंगठाच दाखवला होता.

मुलीने एकदा शेवग्याच्या फुलावर आलेल्या शिंजिराचा आवाज रेकॉर्ड करून आजीला पाठवला. तो रविवार होता, ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत होती. आजीने उलट विचारलं, “पक्षी चांगला आहे गं, पण त्याला खोकला झालाय का?”

शेजारी पाट्टी राहतात. पाट्टी म्हणजे आजी. त्यांना सगळी गल्ली पाट्टीच म्हणते, आम्हीही म्हणतो. त्या मला ‘सार’ म्हणतात आणि सुरुवातीला कंपाउंडच्या भिंतीवरून माझी बाग अशी बघायच्या की मला ऑडिटची आठवण व्हायची. माझं तमिळ तेव्हा ‘सरी’ आणि ‘पोदुम’ यांच्यापुढे गेलं नव्हतं, त्यांचं हिंदी तेवढंही नव्हतं. एका सकाळी मी तण उपटून ढीग घालत होतो. पाट्टी भिंतीपलीकडून काहीतरी ओरडल्या, मग सरळ फाटकातून आत आल्या आणि माझा ढीग पदरात भरून निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून डोसे आले. हिरवट, मऊ, आणि चवीला चांगले. आईने एक घास खाल्ला, अंगणात उरलेल्या पानाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “अरे, ही कपाळफोडी!”

लहानपणी जिचे फुगीर फुगे आम्ही एकमेकांच्या कपाळावर फोडायचो, ती कपाळफोडी. इथे तिला मुडक्कत्तान म्हणतात, पाला डोशाच्या पिठात वाटतात आणि गुडघे धरलेल्या माणसाला आवर्जून खायला घालतात. आईचे गुडघे धरलेलेच होते. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून भिंतीजवळ खुर्ची नेली.

तिथून जो व्यवहार सुरू झाला तो कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही. दोन घरांत एकच झाड असलं की सहसा भांडण होतं. आमच्याकडे उलट झालं, कारण आम्ही झाडाचा जो भाग खातो त्याची त्यांना फारशी ओढ नव्हती आणि त्या जो खातात तो आम्ही टाकून देत होतो. साताऱ्याचा अळू अंगणात माजला. आई पानं काढून वड्या करते. पाट्टींना खाली बोटाएवढे का होईना, कंद हवेत. त्यांच्याकडे अळूच्या कंदाचं, म्हणजे सेप्पंकिळंगुचं, खमंग परतलेलं तोंडीलावणं होतं आणि रसम-भाताबरोबर ते असलं की घरातली माणसं बोलायची थांबतात. पानाला घसा खवखवू नये म्हणून आई चिंच घालते, कंदाला पाट्टीही चिंचच घालतात. यावर दोघींचं दहा मिनिटं एकमत झालं. भाषा कुठली होती ते मी विचारलं नाही.

मागच्या कोपऱ्यात हादगा आहे. पाट्टींच्या हिशेबी ती अगत्ती. द्वादशीला एकादशीचा उपास सोडताना तिच्या पाल्याची भाजी लागते, अमावास्येला गाईला तोच पाला घालतात. आईला मात्र फुलं हवीत, पांढरी, होडीच्या आकाराची, भाजीला आणि भज्यांना. सूर्य हस्त नक्षत्रात गेला तेव्हा आईने पाटावर हत्ती काढला आणि गल्लीतल्या मुलींना गोळा करून हादग्याचा फेर धरायला लावला. मुलींना गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं. खिरापत ओळखायची असते एवढं मात्र लगेच कळलं, आणि त्या इतक्या अचूक ओळखायला लागल्या की आईला संशय आला. पाट्टींची नात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायची.

कढीपत्त्याचा भाग सोडून देतो. कढीपत्ता इथे कुणी कुणाला देत नाही, कारण न घेतलेलं घर उरलेलं नाही.

वांग्यांचं प्रकरण मात्र सांगायला हवं. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, इथे पेरणीचा मुहूर्त मानतात. मी त्याप्रमाणे वांगी लावली. पाट्टींनी त्यांच्या मुलाकरवी मला एक बाटली दिली: मीन अमिलम. माशाचे टाकाऊ तुकडे आणि तेवढाच गूळ बंद डब्यात काही आठवडे मुरवायचा, मग तो अर्क भरपूर पाण्यात पातळ करून झाडांना घालायचा. वास मी वर्णन करत नाही. मासिकं लोक जेवताना वाचतात. पण वांगी अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आईने कौतुकाने विचारलं, “काय घातलंस रे?” मी सांगितलं. आमच्या घरात मासा आजवर चित्रातच आलेला. आई बराच वेळ वांग्याकडे बघत राहिली आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही: “मग आता हे वांगं शाकाहारी म्हणायचं का?”

निर्णय लांबणीवर पडला, कारण चातुर्मास लागला होता आणि चातुर्मासात आई वांगं खात नाही. तमिळ वांग्यांना महाराष्ट्राचं पंचांग ठाऊक नसल्याने ती नेमकी त्याच महिन्यांत आली. मी कामावर जाताना पिशव्या भरून नेऊ लागलो. पहिल्या पाळीला वांगी, दुसऱ्या पाळीला वांगी. कँटीनमधले लोक मला बघून वळायला लागले. सुरक्षारक्षकाने गेटवर पिशवी तपासून ‘मटेरियल आउट’ची नोंद मागितली, मी सांगितलं की हे आत चाललंय. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य करून आई वांगं खायला मोकळी झाली. खंडोबाला तिने आधी सगळी हकीकत सांगितली म्हणे. देवाने हरकत घेतली नाही.

आता शेवगा. आईचं म्हणणं, शेवगा दारात नको. गंमत म्हणजे पाट्टींच्या गोष्टीतही हे झाड बदनामच. तमिळमध्ये विक्रमाचा वेताळ राहतो तो मुरुंगैवर, शेवग्यावर. राजाने त्याला उतरवायचं आणि त्याने पुन्हा झाडावर जायचं. शेवग्याचं लाकूड मला माहीत झाल्यापासून माझा अंदाज असा की तो वेताळ स्वतःहून उतरत असणार, बुडाखालची फांदी मोडून. तरीही आम्ही लावला, आणि लावला तो पीकेएम-1, पेरियाकुळमच्या फलोद्यान महाविद्यालयातून निघालेला वाण. हाच वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचलेला आहे, त्यामुळे आई त्याला माहेरचा मानते आणि पाट्टीही. शेंगा आमच्या, पाला त्यांचा, असं वाटप ठरलं.

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. त्या दिवसांत इथले लोक पावसाचे आकडे बघत नाहीत, चेंबरंबाक्कम तलावाचे बघतात. चोवीस फुटांचा तलाव, आज बावीसवर आहे की तेवीसवर, हे दूधवाल्यापासून प्लँट हेडपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. 2015 च्या डिसेंबरातल्या पुरानंतर ही सवय कायमची लागली आहे. रात्री वारा फिरला आणि सकाळी शेवगा अंगणभर आडवा. मी फोटो काढला, पण ग्रुपवर टाकायचं मन होईना. तेवढ्यात पाट्टी आल्या. साडी वर खोचलेली, हातात कोयता. सांत्वनाचा शब्द काढला नाही. पाला ओरबाडून त्यांनी सुपं भरली, जाड फांद्यांचे हातभर लांब तुकडे पाडले आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक ठेवत गेल्या. शेवग्याची फांदी ओल्या मातीत खोचली की जगते. माती तेव्हा ओलीच होती; नुसती मातीच काय, आमच्या गाद्या-गिरद्यासुद्धा ओल्या होत्या. आज त्या गल्लीत एका झाडाची सात झाडं आहेत आणि सगळ्यांच्या शेंगा एकाच पंधरवड्यात येतात. म्हणून त्या काळात आमच्याकडे शेंगा देण्याचं तंत्र बदललं आहे: पहाटे, बेल न वाजवता, दुसऱ्याच्या फाटकाला पिशवी अडकवायची आणि वेगाने परतायचं. गेल्या हंगामात आम्ही ठेवलेली पिशवी तीन घरं फिरून आमच्याच फाटकावर आली. गाठ मी माझी ओळखतो.

एवढा खटाटोप झाडांसाठी आणि तो लोकांना दाखवण्यासाठी कशाला, असं बायको अधूनमधून विचारते. मी तिला तंजावरचं उदाहरण देतो. तिथले मराठे राजे दुसरे सरफोजी, राज्यकाळ 1798 ते 1832. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि औषधी वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. म्हणजे तमिळ मुलखात येऊन रोपं लावायची आणि त्यांची चित्रं जगाला दाखवायची, ही मराठी माणसाची दोनशे वर्षांची परंपरा आहे. माझ्याकडे फक्त चित्रकाराच्या जागी फोन आहे. यावर तिचं म्हणणं असं की सरफोजींनी ती चित्रं रोज सकाळी सहा वाजता नातेवाइकांना पाठवली नव्हती.

तेव्हा वाचकहो, महामार्ग 48 वरून कधी चेन्नईकडे निघालात तर श्रीपेरुंबुदूर सोडल्यावर थोडं थांबा. जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर बाग बघण्याजोगी असते. मे महिन्यात आलात तर घरातच बसून जुने फोटो दाखवीन. येताना रिकामी पिशवी आणा, मोठी आणा. मार्च-एप्रिलमध्ये आलात तर शेंगा नेल्याशिवाय सोडणार नाही, आणि गाडीची डिकी कुलूप लावून ठेवलीत तरी काही उपयोग होणार नाही. आमची अख्खी गल्ली गाड्यांचे सुटे भाग बनवते.