पोस्टर रुजू करण्याचे शास्त्र

संशोधनाच्या प्रांतात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या तरुणाच्या मनात असा एक भाबडा समज घर करून असतो की, तांत्रिक परिषदेत लावावयाचे पोस्टर हे लोकांनी वाचावे, त्यातील प्रतिपादन समजून घ्यावे आणि न समजल्यास लेखकाला विचारावे, एवढ्यासाठीच सिद्ध करावयाचे असते. या समजाला इतिहासाचा थोडासा आधार आहे, हे नाकारून चालणार नाही. १९६९ साली माद्रिद येथे भरलेल्या युरोपीय जीवरसायनशास्त्र महासंघाच्या अधिवेशनात आणि पुढे १९७४ साली अमेरिकेतील मिनीॲपोलिसच्या सभेत ही प्रथा मूळ धरू लागली, ती निबंध फार आणि तास थोडे या विवंचनेवरचा उतारा म्हणून. लेखकाने आपले काम फळ्यावर डकवून शेजारी उभे राहावे आणि ज्याला गोडी असेल त्याने तेथे थांबून समोरासमोर चर्चा करावी, असा तिचा मूळ हेतू होता. परंतु कोणतीही प्रथा आपल्या मूळ हेतूपाशी फार काळ रेंगाळत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमावलीत असे फर्मावले की, पीएच.डी.चा प्रबंध दाखल करण्यापूर्वी उमेदवाराने एक शोधनिबंध प्रसिद्ध केलेला असावा, परिषदांतून दोन सादरीकरणे केलेली असावीत, आणि पुराव्यादाखल प्रमाणपत्रे अथवा छापील प्रती जोडाव्यात. २०२२ च्या नियमावलीत ही अट उरली नाही. पण अट गेली तरी तिने लावलेले वळण जात नाही, आणि आजही सुज्ञ उमेदवार हे पक्के ओळखून असतो की पोस्टर वाचले जाण्यासाठी नसून रुजू होण्यासाठी असते. या एकाच तत्त्वाला धरून पुढील कलमे रचली आहेत.

कलम पहिले : गोषवारा

परिषदेकडे प्रथम गोषवारा पाठवावा लागतो, आणि तो बहुधा अडीचशे शब्दांचा असावा अशी ताकीद असते. परिषद भरण्याच्या कित्येक महिने आधी तो मागविला जात असल्यामुळे त्या समयी संशोधन झालेले नसते. परंतु याने उमेदवाराने खचून जाण्याचे कारण नाही, कारण जे अद्याप झालेले नाही त्याचे वर्णन करताना लेखणीला कोणत्याही वस्तुस्थितीचा अडथळा होत नाही. पहिल्या वाक्यात आजच्या युगात प्रस्तुत विषयाला आलेले असाधारण महत्त्व सांगावे. दुसऱ्यात पूर्वसूरींच्या कार्यातील उणीव दाखवावी, मात्र त्यांच्यापैकी कोणी परीक्षक असण्याचा संभव असल्यामुळे ती आदरपूर्वक दाखवावी. तिसऱ्यात ‘एक अभिनव पद्धत’ सुचवावी. आणि शेवटी एक टक्केवारी द्यावी.

ही टक्केवारी दशांशचिन्हानंतर निदान दोन स्थळांपर्यंत असावी. ‘सुमारे पंचाण्णव टक्के’ असे लिहिणारा इसम अंदाजपंचे बोलतो आहे असे वाटते, ‘९४.७३ टक्के’ असे लिहिणारा प्रयोगशाळेतून नुकताच हात धुऊन बाहेर आलेला दिसतो. चाचणीसाठी घेतलेले नमुने एकंदर चाळीसच असतील, तर प्रत्येक नमुन्याच्या वाट्याला अडीच टक्के येतात, आणि त्यामुळे ९४.७३ हा आकडा कोणत्याही मार्गाने संभवत नाही, ही गोष्ट खरी. परंतु हा भागाकार करून पाहण्याची उसंत कोणाला नसते, या विश्वासावरच हे कलम उभे आहे.

कलम दुसरे : मुदत व मंजुरी

मुदतीची तारीख जाहीर करताना आंतरराष्ट्रीय परिषदा ‘पृथ्वीवर कोठेही’ अशी एक उदार शब्दयोजना करतात. तिचा अर्थ असा की, पृथ्वीच्या पाठीवर जेथे दिवस सर्वांत उशिरा मावळतो, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेहून जेथील घड्याळ बारा तास मागे चालते, तेथेही ती तारीख उलटेपर्यंत अर्ज दाखल करण्यास मुभा आहे. हिशेब केला असता असे निष्पन्न होते की, एक तारखेची मुदत भारतात दोन तारखेच्या सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. ही वार्ता ज्याला ठाऊक नाही तो एक तारखेच्या मध्यरात्री जिवाच्या आकांताने काम संपवतो. ज्याला ठाऊक आहे तो दोन तारखेच्या सायंकाळी तेच काम तितक्याच आकांताने संपवतो. दोघांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी मुदत दोन आठवड्यांनी वाढविल्याचे पत्र येते, आणि मग दोघेही ते दोन आठवडे दुसऱ्या कामांत घालवून शेवटच्या सायंकाळी पुनश्च संगणकापुढे बसतात.

त्यानंतर गोषवारा परीक्षकांच्या हवाली होतो. शिरस्त्याप्रमाणे ते तीन असतात. पहिला दोन ओळींत समाधान व्यक्त करतो, आणि त्यावरून त्याने किती वाचले याचा अदमास येतो. दुसरा काही महत्त्वाच्या संदर्भांचा उल्लेख राहून गेल्याची हरकत नोंदवतो, आणि ते सर्व संदर्भ एकाच लेखकाचे निघाल्यामुळे, परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याचा परिषदेचा बंदोबस्त काहीसा व्यर्थ जातो. तिसऱ्याच्या आक्षेपांवरून असे दिसते की त्याने बारकाईने वाचले आहे, मात्र दुसरा कोणाचा तरी गोषवारा. या तिन्ही अभिप्रायांचा साकल्याने विचार होऊन, उमेदवाराने व्यासपीठावरून निबंध वाचण्याची जी दरखास्त केली होती ती ‘पोस्टर म्हणून’ मंजूर झाल्याचे त्याला कळविण्यात येते. यात अपमान मानू नये. व्यासपीठावर बोलणाऱ्याचे श्रोत्यांना झोपेत असतानाही पंधरा मिनिटे ऐकावे लागते; पोस्टरवाल्यापुढून निदान चालत निघून जाण्याची मोकळीक सर्वांना असते.

कलम तिसरे : रचना

पोस्टर बहुधा ए-शून्य आकाराच्या कागदाचे मागवितात. हा आकार ८४१ मिलिमीटर रुंद व ११८९ मिलिमीटर उंच असून त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर भरते; बाजूंचे प्रमाण एकास दोनचे वर्गमूळ असे ठेवलेले असल्यामुळे कागद मधोमध कितीही वेळा कापला तरी ते प्रमाण ढळत नाही. या प्रमाणाचा हा गुण जर्मन पंडित लिश्टेनबर्ग याने १७८६ साली एका पत्रात वर्णिला होता, १९२२ साली जर्मनीने त्यावर आपले प्रमाणित आकार बसविले आणि १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. एवढ्या सुंदर गणिताचा आपल्याकडे होणारा उपयोग असा की, कचेरीतील नेहमीचे ए-चार कागद त्यावर बरोबर सोळा बसतात, आणि म्हणून सोळा पानांचा निबंध जसाच्या तसा डकवता येतो.

सहा फुटांवरून वाचता यावे म्हणून मजकुराचे अक्षर निदान चोवीस पॉइंटांचे असावे आणि एकंदर शब्द पाचशे-सहाशेंच्या पुढे जाऊ नयेत, असा उपदेश अनेक ठिकाणी आढळतो. २०१९ साली माइक मॉरिसन नावाच्या एका अमेरिकी संशोधक विद्यार्थ्याने तर याहून पुढे जाऊन असे सुचविले की, पोस्टरच्या मध्यभागी मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, ठळक अक्षरांत, एकाच वाक्यात लिहावा आणि बाकीचा तपशील कडेला सारावा. या सूचनेतील धोका उघड आहे. निष्कर्ष एका वाक्यात आणि साध्या भाषेत लिहावयाचा म्हणजे आधी तो असावा लागतो. त्यापेक्षा बारा पॉइंटांच्या अक्षरांत दोन हजार शब्द लिहावेत; पाहणारा दुरूनच विद्वत्तेची घनता पाहून नमस्कार करतो आणि पुढे जातो.

आलेखांच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरे की, उभा अक्ष शून्यापासून सुरू करण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. तो नव्वदपासून सुरू केला असता पूर्वसूरींचे ९२ आणि आपले ९४ यांच्या स्तंभांत एकास दोन असे अंतर पडते, आणि शास्त्राच्या प्रगतीचा वेग पाहून प्रेक्षक दिङ्मूढ होतो. फरक दाखवण्यासाठी लाल व हिरवा हेच रंग निवडावेत, म्हणजे ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत अशा मंडळींना निष्कर्षावर हरकत घेण्यास जागा उरत नाही. संस्थेचे बोधचिन्ह संकेतस्थळावरून उचलावे. तेथे ते दीडशे ठिपक्यांच्या रुंदीचे असते. पोस्टरवर ते सहा इंच रुंद ताणले की दर इंचाला पंचवीस ठिपके पडतात, आणि संस्थेचा पाया विटांचा आहे हे सर्वांच्या प्रत्ययास येते.

कलम चौथे : छपाई

पोस्टर छापण्याचे कार्य परिषदेच्या आदल्या सायंकाळी करावे, कारण त्याआधी मार्गदर्शकांनी मसुदा पाहिलेला नसतो. छपाई शहरातील फ्लेक्सच्या दुकानात होते. तेथे त्याच दिवशी प्रभागातील एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस आणि दहावीच्या परीक्षेचा निकाल असे दोन्ही योग जुळून आलेले असल्यामुळे उमेदवाराला बाकड्यावर तिष्ठत बसावे लागते. त्याचा क्रमांक आला की दुकानातील मुलगा पीडीएफकडे थोडा वेळ कनवाळूपणे पाहतो आणि विचारतो, ‘‘दादा, फोटो कुणाचा टाकायचा?’’ फोटो नाही असे सांगितल्यावर त्याचा उत्साह मावळतो. परंतु सहलेखकांच्या सात नावांवर नजर जाताच त्याला पुन्हा उमेद येते आणि तो म्हणतो, ‘‘हे शुभेच्छुक ना? मग खाली घेऊ.’’ सहलेखकांच्या कार्याचे इतके अचूक मूल्यमापन विद्यापीठाच्या कोणत्याही समितीने केलेले आढळत नाही. तथापि मार्गदर्शकांच्या मर्जीचा विचार करून नावे वरच ठेवावीत.

पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, त्यामुळे पडद्यावर जो निळा आकाशासारखा दिसत होता तो छापल्यावर वांगी होतो. याबद्दल तक्रार करू नये. मात्र अक्षरांचे संच पीडीएफमध्ये अंतर्भूत केले नसतील, तर ज्या संचात ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर इंग्रजी ‘एम’च्या जागी बसविलेले असते तो दुकानातील संगणकावर नसल्यामुळे म्यूचा एम होतो, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, आणि औषधाची मात्रा एका रात्रीत हजारपट वाढते. परिषदेत हे कोणाच्या लक्षात येत नाही, ही रुग्णांच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट म्हणावी की दुर्दैवाची, हे ठरवणे कठीण आहे.

कलम पाचवे : उभे राहणे

परिषदेच्या स्थळी पोहोचल्यावर असे आढळते की, पोस्टर उभे मागविले होते आणि फळे आडवे आहेत. पोस्टरचा खालचा तृतीयांश, ज्यात निष्कर्ष असतो, तो फळ्याखाली लोंबू द्यावा. टाचण्या संयोजकांकडे संपलेल्या असतात; शेजाऱ्याच्या पोस्टरला चार कोपऱ्यांत चार असतील तर त्यांतील दोन उसन्या घेण्यास हरकत नाही.

पोस्टरांची वेळ नेहमी भोजनाच्या वेळेला जोडून ठेवलेली असते. त्यामुळे विवाहाच्या स्वागतसमारंभात, जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून आलेल्या पाहुण्यांसमोर नवरदेव ज्या मुद्रेने दोन तास उभा असतो, त्याच मुद्रेने उमेदवाराने उभे राहावे. येणारे इसम प्रकारपरत्वे ओळखता आले पाहिजेत. काही जण प्रथम उमेदवाराच्या गळ्यातील नावाची चकती वाचतात, संस्था नामांकित नाही अशी खात्री होताच मान डोलावतात आणि निघून जातात. काही एक शब्दही न बोलता पोस्टरचे छायाचित्र काढतात. ते पुन्हा कधी पाहिले जात नाही, सबब चिंता नसावी. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक ‘‘हे आम्ही पूर्वीच केले होते’’ असे सांगतात. त्यांना कोठे प्रसिद्ध केले असे विचारू नये. आणि परीक्षक गुणपत्रिका हातात घेऊन येतात, तेव्हा दोन मिनिटांत सर्व सांगण्याची तयारी ठेवावी, कारण त्यांना आणखी साठ पोस्टरे पाहून तीन वाजता चहा घ्यावयाचा असतो.

कलम सहावे : आपत्ती

क्वचित् प्रसंगी अशी एखादी व्यक्ती येते की जिला पोस्टर खरोखरच वाचावयाचे असते. ही आपत्ती पूर्वसूचनेशिवाय कोसळते. ती व्यक्ती चष्मा कपाळावर चढवून फळ्याजवळ वाकते, बारा पॉइंटांची अक्षरे वाचते, आलेखाच्या उभ्या अक्षावर बोट ठेवते, आणि मग शांतपणे विचारते, ‘‘नमुने चाळीस असतील तर हे ९४.७३ कसे आले?’’

अशा समयी उपयोगी पडणारी उत्तरे परंपरेने सिद्ध आहेत : हा भाग सहलेखकांनी केला असून ते चहाला गेले आहेत, याचा खुलासा पुढील संशोधनात करण्याचा मानस आहे, आपण पत्ता द्यावा, सविस्तर कळवितो. यांपैकी कोणतेही उत्तर दिले असता संकट टळते. परंतु उमेदवार कच्चा असेल, त्याच्या तोंडून ‘‘मला ठाऊक नाही, पण आकडा चुकलेला दिसतो,’’ असे शब्द गेले, तर पुढील अनर्थ कोणी थांबवू शकत नाही. ती व्यक्ती खिशातून लेखणी काढते आणि पोस्टरच्या कोऱ्या कडेवरच हिशेब मांडते. त्यातून दोन नमुने वगळले गेल्याचे दिसते, आणि ते कोणत्या कारणाने वगळले गेले याचा शोध सुरू होतो. वगळलेले ते दोनच नमुने पद्धत कोठे फसते हे सांगत आहेत असे ध्यानात येते. शेजारच्या फळ्यावरची मुलगी आपले पोस्टर सोडून येते आणि तिच्याकडेही नेमके तसेच नमुने फसल्याचे सांगते. चहा संपतो, माणसे पांगतात, आणि तिघे जण फळ्याशी बोलत राहतात. त्या रात्री उमेदवार उतरण्याच्या जागी परतून वगळलेले नमुने पुन्हा काढून बसतो, आणि आयुष्यात प्रथमच त्याला आपल्या विषयाची भीती न वाटता भूक वाटू लागते. रुजू होण्याच्या दृष्टीने असा उमेदवार कायमचा हातचा गेला असे समजावे.

कलम सातवे : हिशेब

परतल्यावर प्रवासखर्चाची मागणी कार्यालयात दाखल करावी. तिजबरोबर प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, पोस्टरशेजारी उभे असल्याचे छायाचित्र, रेल्वेचे तिकीट, फ्लेक्सच्या दुकानाची पावती व मार्गदर्शकांची शिफारस जोडावी. शिरस्तेदार पावतीवर वस्तू व सेवा कराचा क्रमांक नसल्याची हरकत घेतील. ती रास्त आहे. पोस्टर प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात, भिंतीला जेथे ओल आली असेल तेथे लावावे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचेही काम हलके होते.

मागणीच्या नमुन्यात एकंदर अठरा रकाने असतात, आणि संशोधनात काय आढळले असे विचारणारा त्यांत एकही नसतो. तेव्हा सहाव्या कलमातील प्रसंग ज्याच्यावर गुदरला असेल, त्याने फळ्यापाशी झालेल्या त्या संभाषणाची नोंद ‘किरकोळ’ या सदराखाली करून पाहावी. मात्र त्याची पावती जोडता येत नसल्यामुळे ती बाब नामंजूर होईल, हे गृहीत धरून चालावे.