जुन्या भागधारकाला विचारतो कोण?

ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात सोने, लिथियम, तांबे शोधणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्या आहेत. बहुतेकींचे उत्पन्न शून्य. जमिनीत भोक पाडायचे तर नवे शेअर विकूनच पैसा उभा करावा लागतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हे शेअर कुणाला आणि काय भावाने विकले जातात याबद्दल.

पद्धत ठरलेली आहे. कंपनी शेअरचे व्यवहार थांबवते, फार तर दोन दिवस. तेवढ्यात ब्रोकर आपल्या यादीतल्या धनिकांना फोन लावतो. व्यवहार पुन्हा सुरू होतात तेव्हा सौदा उरकलेला असतो: बाजारभावाहून स्वस्त शेअर आणि वर पुष्कळदा फुकट ऑप्शन, म्हणजे पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. मिळालेला शेअर लगेच विकायलाही सहसा आडकाठी नसते. मग तो विकून नफा खिशात घालायचा, ऑप्शन तेवढे ठेवायचे. आयत्या बिळावर नागोबा! कंपनी पडत्या काळातही सांभाळणारा जुना भागधारक मात्र हे सगळे दुसऱ्या दिवशी वाचतो.

आणि हे सारे नियमात बसते. तिथल्या एक्स्चेंजच्या नियम 7.1 प्रमाणे 12 महिन्यांत 15 टक्के नवे शेअर कुणालाही न विचारता देता येतात. छोट्या कंपन्यांना 7.1ए खाली वार्षिक सभेच्या ठरावाने आणखी 10 टक्के मिळतात. त्यांचा भाव 15 दिवसांच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली नेता येत नाही. आधीच्या 15 टक्क्यांना तेवढेही कुंपण नाही.

हिशेब करून बघा. 100 कोटी शेअर, भाव 2 सेंट. कंपनीने 25 कोटी नवे शेअर दीड सेंटला दिले. तुमचा 1 टक्क्याचा हिस्सा 0.8 वर आला आणि सवलतीचा भारही तुमच्याच माथी.

आपल्याकडे भारतात निवडक गुंतवणूकदारांना नवे शेअर द्यायचे (प्रेफरन्शियल अलॉटमेंट), तर आधी विशेष ठराव लागतो. ज्या शेअरची नियमित उलाढाल होते, त्याचा भाव 90 आणि 10 दिवसांच्या सरासरींपैकी जी जास्त, तिच्याखाली जात नाही. ऑस्ट्रेलियाला हे जमू नये?

पैशाची घाई असते, हे संचालकांचे उत्तर. मान्य. पण त्याच भावाने जुन्या भागधारकांनाही शेअर देऊ करता येतात. शेअर पर्चेस प्लॅनमध्ये प्रत्येकाला 30,000 डॉलरपर्यंत. 2020 च्या करोनाकाळात 15 टक्क्यांची मर्यादा तात्पुरती 25 वर नेताना एक्स्चेंजने अशीच अट घातली होती: जुन्यांनाही शेअर देऊ करा. संकटात जे न्याय्य होते, ते एरवी का नाही? ही अट कायमची करा.

तोवर एक हत्यार भागधारकाच्या हातात आहे. 7.1ए चा ठराव 75 टक्के मतांशिवाय मंजूर होत नाही. तिथल्या बऱ्याच कंपन्यांच्या वार्षिक सभा नोव्हेंबरात असतात. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे असे शेअर असतील, त्यांनी सभेची नोटीस न वाचता बाजूला टाकू नये. जुन्या भागधारकांना डावलणाऱ्या संचालकांच्या ठरावाविरुद्ध मत द्या. दिलेल्या मतांपैकी 25 टक्क्यांहून जास्त विरोधात गेली, की ठराव पडतो.