नाळेची मुदत ठेव

नाशिकच्या बाळाला नाव बाराव्या दिवशी मिळतं, आधार कार्ड त्यानंतर केव्हातरी. बँकेतलं खातं मात्र आईच्या सातव्या महिन्यातच उघडतं. खात्री करायची असेल तर गंगापूर रोडवरच्या एखाद्या प्रसूतिगृहाच्या बाकावर तासभर बसा. टाय लावलेला हसतमुख तरुण येतो, वहिनींच्या हातात गुळगुळीत पत्रक ठेवतो आणि सांगतो, की नाळेतल्या रक्तात स्टेम सेल असतात, आम्ही ते उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवू. "पुढे काही झालंच, तर बाळाचं औषध घरचंच!" यातलं 'पुढे काही झालंच' म्हणताना तो आवाज जरा खाली आणतो. सातव्या महिन्यातल्या बाईला तेवढं पुरतं. नवरा ईएमआयची चौकशी करू लागतो.

सिन्नरहून आलेल्या सासूबाई तेवढ्यात तोंड घालतात. "आमच्यात सुईण नाळ परड्यात पुरायची. भाडं नाही लावायची कुणी."

"आजी, ते अनसायंटिफिक होतं."

बरं, मग सायंटिफिक बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहून ठेवलंय, की पुढे स्वतःलाच वापरता यावं म्हणून नाळेतलं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये आकडाही दिला. वयाच्या पहिल्या वीस वर्षांत स्वतःच्याच साठवलेल्या पेशी लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के. म्हणजे फार तर अडीच हजारांत एक आणि नशीब आडवं आलं तर दोन लाखांत एक. लासलगावचा शेतकरी चाळीत कांदा भरतो तेव्हा भाव चढण्याची याहून बरी आशा बाळगून असतो, आणि त्याचा कांदा निदान बाहेर काढून खाता तरी येतो. इथे तीही पंचाईत. बाळाला थॅलेसेमिया झाला, तर तोच दोष गोठवलेल्या पेशींतही असतो. रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याचं बीज त्या पिशवीत आधीपासून नसेलच याची हमी नाही. संकटकाळी हमखास न वटणारी ठेव हा बँकिंगच्या इतिहासातला नवा शोध म्हणायचा.

नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झालं, ते यशस्वीही झालं. पत्रकात अशा यशाचा तोरा असतो. पण त्या मुलाला दिलेलं रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नवजात बहिणीचं होतं. एवढी किरकोळ बाब पत्रकात कुठे बसवणार? जागा थोडी, त्यात हसरं बाळ मोठं.

आता मुख्य गंमत. जन्माच्या क्षणी बाळाच्या रक्ताचा सुमारे एक तृतीयांश वाटा नाळेत आणि वारेत असतो. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं, तर त्यातलं बरंचसं आपोआप बाळाच्या अंगात उतरतं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह देऊन जातं. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आहेत, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं म्हणणं. म्हणजे रक्त बाळाचं, गरज बाळाला, घाई मात्र पिशवी भरायची. मूळ खातेदार टेबलावर रडतोय आणि त्याची ठेव थर्मोकोलच्या खोक्यातून परगावी निघालीय.

आणि हा टायवाला त्या बाकावर बसतो तरी कुणाच्या परवानगीने? कमिशन घेऊ नये, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियमच आहे. २०१७ मध्ये मुंबईत हृदयशल्यविशारद रमाकांत पांडा यांच्या रुग्णालयाने 'डॉक्टरांना कमिशन नाही' असे फलक लावले आणि ते बऱ्याच जणांच्या जिव्हारी लागले. त्यातून सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली, 'कट प्रॅक्टिस'विरोधी, म्हणजे कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदा बनला. तो मसुदाही बहुधा उणे १९६ अंशांवरच ठेवला असावा, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून.

तसा नीतिमत्तेचा आपल्याकडे तुटवडा नाही. राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकच्या म्हसरूळला आहे, आणि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून 'एटकॉम' नावाने नीतिमत्ता शिकवली जाते. त्यात कुणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही.

मुंबईत ते फलक लागले त्याच २०१७च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलात एका महिन्यात ५५ अर्भकं दगावली. एकेका इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती. तिथली बरीचशी पोरं कमी वजनाची, आदिवासी पाड्यांवरून आलेली. त्यांच्या आयांना कुणी पत्रक दिलं नव्हतं. एकाच शहरात एका बाळाच्या रक्ताला उणे १९६ अंशांची स्वतंत्र कुपी आणि दुसऱ्या बाळाला ऊब मिळायला भागीदार, याला आपण आरोग्यसेवेचा विस्तार म्हणतो. पेठ-सुरगाण्याकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. सख्ख्या भावंडाच्या जुळणाऱ्या स्टेम सेलनी जे आजार खरोखर बरे होऊ शकतात, त्यातला हा एक. तिकडचा रस्ता मात्र टायवाल्याला ठाऊक नाही. घाट लागतो, आणि ईएमआयचा चेकही वटत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात थोरल्या मुलाला असा रक्ताचा आजार असेल तर धाकट्याचं रक्त जपून ठेवायचं की नाही हे रक्तविकारतज्ज्ञांना जरूर विचारा, तिथे त्याला अर्थ आहे. बाकीच्यांनी सही करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारावं: या पिशवीमागे तुम्हाला किती मिळतात, आणि नाळ कापायला तुम्ही एक मिनिट थांबणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर पत्रक रद्दीत टाका. त्या एका मिनिटाचं बिल अजून कुणी लावत नाही.