दुधनीत भूमध्यसागर कसा पाहावा

इटलीच्या अमाल्फी किनाऱ्याला जायचं तर व्हिसा, सवड आणि पैसा लागतो. यांतलं काहीच हाताशी नसेल, तर सिल्वासाजवळच्या अथालहून सकाळी दुधनीला निघावं. अथालच्या दारातून दमणगंगा जाते, पण तिच्यावर समाधान मानू नये. ती नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघून दमणला समुद्राला मिळते, म्हणजे आपल्याला हवा तो किनारा ती दुसऱ्याच गावाला देऊन टाकते.

दादरा-नगर हवेलीला समुद्र नाही, हे मनाला लावून घेऊ नये. हा मुलूखच मुळात एका जहाजापायी पोर्तुगीजांकडे गेला. मराठ्यांच्या आरमाराने त्यांचं 'सांताना' नावाचं जहाज धरलं. त्याची भरपाई म्हणून 1779च्या तहात वर्षाला 12,000 रुपये वसुलाची गावं कबूल झाली आणि 1783 मध्ये नगर हवेली त्यांच्या हाती पडली. एका बोटीच्या बदल्यात अख्खा प्रदेश! एवढं भाडं अमाल्फीतही कोणी लावणार नाही. पुढे 1954च्या पावसाळ्यात सुधीर फडक्यांसारखे स्वयंसेवक हा मुलूख सोडवायला इथे उतरले, तेव्हा पोर्तुगालला दमणहून कुमक आणायची तर भारताच्या हद्दीतूनच आणावी लागणार होती. भारताने वाट दिली नाही, आणि सैन्याला वाटेचा हक्क नाही, असं 1960 मध्ये हेगच्या न्यायालयानेही सांगितलं. किनारा नसण्याचे असेही फायदे असतात. हा इतिहास गाडीतच उरकावा. खानवेलच्या पुढे वळणं सुरू झाली की मागच्या सीटवरचे श्रोते खिडकीबाहेर डोकं काढतात.

दुधनीला मधुबन धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत पसरलेलं दिसेल. इथे सजवलेले शिकारे मिळतात. म्हणजे काश्मिरी नावेत बसून, गुजरात-महाराष्ट्राच्या सांदीत, इटली पाहायची. आपण नेमके कुठे आहोत हा विचार मनात आलाच तर बिस्किटाचा पुडा फोडावा. लाइफ जॅकेट फोटोत वाईट दिसतं म्हणून काढू नये. फोटोच गळ्यापासून वर काढावा. आदल्या रात्री सिल्वासात 'बसलेल्यांना' नावेत मधोमध बसवावं. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे अशी मंडळी प्रत्येक गटात निदान एक निघतेच.

तिकडे इटलीत काप्रीच्या निळ्या गुहेत शिरताना छोट्या होडीत आडवं पडावं लागतं. इथे गुहा नाही, तरी आडवं पडावं. नाही तरी जेवणानंतर तेच करायचं असतं. पोझितानोत डोंगरउतारावर रंगीत घरं एकावर एक रचलेली असतात. इथे उतारावर कुडाची, शेणाने सारवलेली घरं तुरळक दिसतील. रंग आपले आपण भरावेत.

महिना मात्र नीट निवडावा. भूमध्यसागराला भरती-ओहोटी नावापुरतीच. आपल्या सागराला वर्षातून एकच भरती येते, ती पावसाळ्यात, आणि पुढची ओहोटी पाटबंधारे खातं ठरवतं. वापीचे कारखाने, दमणचे नळ आणि वलसाडकडची शेतं आपापला वाटा घेऊन गेली की मे महिन्यात पाण्याभोवती चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्याला 'बीच' म्हणावं.

नाववाल्याला हव्या त्या चौकशा कराव्यात. मासे कोणते, हिरोहिरोइनी येऊन गेल्या का, अजून एक फेरी फुकट मिळेल का. फक्त 'पाण्याखाली काय आहे?' एवढं विचारू नये. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं: धरणात बुडालेली आदिवासींची शेतं, पाडे, कुणाच्या तरी आज्याचं घर. कुठल्या झाडाच्या रेषेत काय होतं ते तो हात करून दाखवू लागतो, आणि त्यात अर्धा तास जातो. भाडं अर्ध्या तासाचंच ठरलेलं असतं.

घरी आल्यावर 'अगदी अमाल्फी!' असं ठासून सांगावं. खरोखर अमाल्फी पाहून आलेला एखादा मेव्हणा समोर निघाला तरी घाबरू नये. तो तिथे बोटीत बसून पूर्ण वेळ बायकोला 'यापेक्षा आपलं तारकर्ली बरं' हेच ऐकवत होता.