भिंत आली की थांब

आयटीत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कधी ना कधी समाजाचं ऋण आठवतं. मला ते बढती हुकली त्या वर्षी आठवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलेलंच होतं. म्हणजे देशाला माझी गरज आहे, असा सोयीस्कर अर्थ मी काढला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी घरातलं वायफाय नीट कर." थोर कार्याला घरातून विरोध व्हायचाच.

मामेभावाच्या ओळखीने नाशिककडच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या, "या की सर, मुलं वाटच बघतायत." मी पायथन या संगणकभाषेवर भरगच्च स्लाइड्स तयार केल्या. त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा माझ्याच परिचयाच्या होत्या.

शाळेत संगणक होते. संगणकांची खोली होती. खोलीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली ज्या गुरुजींकडे होती, ते मतदारयाद्यांच्या कामावर होते. किल्ली येईपर्यंत दोन चहा झाले. दार उघडलं तर आहेरातल्या भांड्यांसारखे संगणक प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेले. दाराबाहेर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात.'

पाटी बघून मला माझी शाळा आठवली आणि भरून आलं. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. आमची शाळा त्यातलीच. त्या यंत्राची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर फुलांसकट येणारं एक 'सुप्रभात' त्यात मावायचं नाही. पण आम्ही हातपाय धुऊन, ओळीने, अनवाणी आत जायचो, एकेक कळ दाबायचो आणि बाहेर यायचो. शिक्षण कमी आणि दर्शन जास्त. मधे एवढी वर्षं गेली, पाटी मात्र जागची हलली नव्हती.

तीन संगणक सुरू झाले. पहिली स्लाइड भिंतीवर उमटली, तिच्यावर माझा फोटो होता, आणि लाइट गेली. यूपीएसने चारदा हंबरडा फोडून प्राण सोडला.

"लाइट कधी येते?"

"आज संध्याकाळी येती, सर," वर्ग एका सुरात म्हणाला. त्या सुरात दुःखाचा लवलेश नव्हता.

स्लाइडशिवाय मी काय करू शकतो, हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता. अशा वेळी मला सिमोर पॅपर्ट आठवले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे जा, उजवीकडे वळ असे हुकूम द्यायचे आणि कासव चालवायचं. इथे कासव नव्हतं. मी होतो.

"मी संगणक," मी जाहीर केलं. "तुम्ही फळ्यावर हुकूम लिहा. मला वर्गातून अंगणाच्या टोकाला न्या. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. लिहिलं असेल तेवढंच तो करतो. मधे कुणी बोलायचं नाही." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हे सोपं हाये." माझ्या अकलेबद्दल असावं.

सहावीतल्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं: 'दारातून बाहेर जा. उजवीकडे वळ. एक पाऊल टाक. भिंत येईपर्यंत पाऊल टाकत राहा. भिंत आली की थांब.' मी थक्क झालो. न शिकवता पोरीने लूप, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा करायचा हुकूम लिहिला होता, वर थांबण्याची अटही घातली होती! त्या कौतुकातच मी चालू लागलो.

अंगण संपलं. भिंत आली नाही. ती गेल्या पावसाळ्यात पडली होती, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मधे बोलायला मीच बंदी घातलेली. शिस्त म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. अख्खा वर्ग माझ्या मागे गुपचूप चालत होता. मी विटांचा ढीग ओलांडला, उकिरड्याच्या कडेने गेलो आणि नुकतंच पाणी भरलेल्या कांद्याच्या वाफ्यात घोट्यापर्यंत उतरलो.

बांधावर एक आजी खुरपं घेऊन बसल्या होत्या. "कोण रे हे?"

"संगणक हाये, आजी."

"मंग चिखलात कशाला चाललंय?"

"भिंत पडलीये ना, म्हणून."

आजींना ते लगेच पटलं. आमच्या कंपनीत असा बिघाड समजून घ्यायला तीन बैठका लागतात.

परत आल्यावर मी पाय धुतोय तोवर फळ्यावर दुरुस्ती झालेली: 'भिंत आली किंवा चाळीस पावलं झाली, जे आधी होईल तेव्हा थांब.' मग पीटीचे सर म्हणाले, "आम्ही तर रोज खेळच घेतो." त्यांनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं: शेजारच्या दोघांनी एकमेकांची उंची पाहायची, गरज असेल तर जागा बदलायची, आणि कुणालाच बदलावी लागेनाशी झाली की रांग तयार. हा तर संगणकाची क्रम लावायची रीत, बबल सॉर्ट! इंजिनीअरिंग कॉलेजात तो पाठ करताना मला घाम फुटला होता. सर तो शिट्टीवर शिकवत होते.

संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची ही पद्धत काही माझ्या चिखलातून उगवलेली नाही. न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खेळांचं 'सीएस अनप्लग्ड' कधीच उभं केलं. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकक्षेत्रातल्या संघटनेचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून शाळांमध्ये हेच संगणकीय विचारांचं काम करतो आहे. शाळांची माहिती देणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातल्या जेमतेम ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतला संगणक होता. उरलेल्या शाळांतल्या मुलांनी यंत्र येईपर्यंत विचार करणं थांबवावं, असं थोडंच आहे?

पण म्हणून यंत्रच नको, असं म्हणणंही लबाडीचं. शहरातल्या मुलाला लॅपटॉप आणि गावातल्या मुलाला फक्त खेळ, हा न्याय नव्हे. खेळातून सुचलेला हुकूम यंत्रावर चालवून बघण्याचा आनंद त्या मुलीलाही मिळायला हवा, आणि तोही चपला घालून.

तेव्हा गावच्या शाळेला संगणक भेट देणार असाल तर जरूर द्या. सोबत वीजबिलाचे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे पैसेही द्या. किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवायला सांगा. आणि शिकवायला स्वतःच जाणार असाल, तर जुनी पँट घालून जा.