भयपट, चित्तशुद्धी आणि न्हाणीघरातला दिवा

भयपट पाहिल्याने आध्यात्मिक हानी होते की नाही, या प्रश्नाचा निकाल देहूत तरी चटकन लागायला हवा होता, कारण इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरल्याची कथा ज्या गावात लहानपणीच ऐकवली जाते, त्या गावाने पडद्यावरच्या भुताला भ्यावे हे तत्त्वतः शोभणारे नाही. प्रत्यक्षात मात्र एकादशीला भजन आणि द्वादशीच्या रात्री मोबाइलवर ‘तुंबाड’, असा दुहेरी परमार्थ येथे सुखाने चालतो. भयपटाने वाईट संस्कार, म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटून पुढे वृत्तीला वळण लावणारे ठसे, होतात असे बजावणारा पक्ष आणि ते मुकाट्याने ऐकून पुन्हा मोबाइल उघडणारा पक्ष, हे दोन्ही बहुधा एकाच घरात राहतात. प्रस्तुत लेखक तिसऱ्या, अल्पसंख्य पक्षाचा असून तो भयपट केवळ रसनिष्पत्तीच्या अभ्यासासाठी पाहतो, अशी त्याची स्वतःविषयी समजूत आहे. तिला घरातून अद्याप अनुमोदन मिळालेले नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस मानला असून भय हा त्याचा स्थायी भाव, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात मुळातच असणारी आणि प्रयोगाने जागी होणारी भावना, होय. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला, ज्यानुसार रंगमंचावरचे भय कोणा एकाचे उरत नाही आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. याच सिद्धान्ताच्या बळावर ‘झपाटलेला’ (1993) या चित्रपटातला तात्या विंचू हा केवळ आलंबन विभाव, म्हणजे भावना ज्याच्यामुळे जागी होते तो विषय, आहे असे प्रस्तुत लेखक पाहुण्यांच्या मुलांना समजावून सांगतो. मुले शांत झोपतात. त्या रात्री न्हाणीघरातला दिवा सकाळपर्यंत चालू राहतो, तो मुलांनी लावलेला नसतो. भरतमुनींनी सांगितलेल्या भयाच्या तीन प्रकारांत व्याज, म्हणजे सोंग म्हणून आणलेले भय, हाही एक आहे, आणि ‘तुंबाड’मधला हस्तर कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो तेव्हा लेखकाच्या तोंडून निघालेली किंकाळी याच प्रकारात मोडते, असा त्याचा शास्त्राधारित आग्रह आहे. पतंजलींनी मात्र अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणारी आणि मरणाला भिणारी उपजत ओढ, विद्वानांतही असते असे योगसूत्रांत नोंदवून ठेवले आहे, आणि ही नोंद लेखकाला काहीशी वैयक्तिक रोखाने केलेली वाटते.

पडदा चित्ताला बिघडवतो हे मान्य केले, तर तोच पडदा चित्ताला सुधारतो हेही मान्य करावे लागेल. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 साली आला, 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि विष्णुपंत पागनीसांची मूर्ती पुढे कित्येकांच्या मनात तुकोबांचीच होऊन बसली. परंतु तो पाहून घरी परतलेल्या प्रेक्षकाने आपल्या कर्जदारांची खतपत्रे नदीत सोडल्याचे उदाहरण उपलब्ध नाही. पुण्याच्या बाबतीत इतका निष्प्रभ ठरलेला पडदा पापाच्या बाबतीत एकदम कार्यक्षम होतो, हे मानायला मन धजत नाही.

येथे देशी भुतांच्या सद्यःस्थितीचा विचार अपरिहार्य आहे (तो अपरिहार्य नाही, पण लेखकाचा हा आवडता विषय आहे). मुंजा, म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाचे भूत, पिंपळावर राहतो, आणि रस्तारुंदीत पिंपळ गेल्यामुळे तो बेघर होऊन 2024 साली हिंदी चित्रपटात नोकरीला लागला. पुरलेल्या धनावर पहारा देणाऱ्या समंधाची अवस्था याहून बिकट आहे, कारण ज्या जमिनीत धन होते तिचे सात-बारे कधीच फिरले आणि आता तेथे बाराव्या मजल्यापर्यंत सदनिका असून त्यांवर पहाऱ्याला गणवेशातले रखवालदार आहेत. पाण्यात राहून माणसाला ओढणाऱ्या गिऱ्ह्याने इंद्रायणीत राहण्याचे धाडस करू नये, असे आळंदीपाशी पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस पाहून वाटते. सर्वांत मोठा अन्याय चकव्यावर झाला आहे. वाटसरूला रात्रभर एकाच जागी फिरवत ठेवणे हे त्याचे पिढीजात काम तळेगाव-चाकण रस्त्याने दिवसाढवळ्या आणि हजारोंच्या संख्येने करून दाखवले, तेव्हा त्या बिचाऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

देहूच्या परिसरात भयाची खरी कथा आहे ती भामचंद्राच्या डोंगराची, जो आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून उभा आहे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेलेली, व्यापार बुडालेला, अशा अवस्थेत तुकोबा या डोंगरावर पंधरा दिवस बसले आणि साप, विंचू, वाघ अंगावर आले तरी उठले नाहीत, असे परंपरा सांगते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. ते अभय भय टाळून मिळाल्याचे या कथेत तरी दिसत नाही.

लेखकाला राग येतो तो भयाच्या विक्रेत्यांचा. घरात नकारात्मक शक्ती शिरली असे आधी सांगून मग तिच्यावरचा तोडगा विकणारे लोक दोन तासांत संपणाऱ्या चित्रपटाहून कितीतरी चिवट भय मागे ठेवून जातात, आणि 2013चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावरही त्यांना गिऱ्हाईक कमी पडलेले नाही. उलट चौघांच्या खोलीत भिंतीला टेकून भयपट पाहणारा कंत्राटी कामगार ज्याला भितो, तो ‘ब्रेक’, म्हणजे कायम करावे लागू नये म्हणून मध्येच दिली जाणारी सक्तीची सुटी, कोणत्याही चित्रपटात दाखवलेला नाही. पडद्यावरच्या हडळीला पाहून तो हसतो, आणि त्या हसण्याने त्याचा परमार्थ बुडतो असे म्हणण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकाला, एवढे ग्रंथ चाळूनही, होत नाही.

तेव्हा ज्यांची झोप उडते त्यांनी भयपट पाहू नयेत, लहान मुलांना दाखवू नयेत, आणि बाकीच्यांनी खुशाल पाहावेत. मात्र रात्री हेडफोन लावावेत, कारण शेजारच्या खोलीत कोणीतरी पहिल्या पाळीसाठी पहाटे उठणार असते.